मिलच्या भोंग्याचं मांडणीशिल्प: कागदावरचं रेखाटन वाचून मत द्या

शिसपेन

एम्प्रेस मिलवर एक मांडणीशिल्प करायचं चाललंय. लोखंड अजून कापलेलं नाही, सूत आणलेलं नाही. आहे ते फक्त रेखाटन, आणि हा धागा त्या रेखाटनाबद्दलच आहे.

आधी विषय सांगतो. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात ही मिल सुरू केली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. २००२ मध्ये मिल कायमची बंद झाली. मधल्या सव्वाशे वर्षांत गांधीसागर तलावाच्या आसपासच्या वस्त्यांची वेळ मिलच्या भोंग्यानं ठरवली. कधी उठायचं, डबा कधी भरायचा, पोरांना कधी हाक मारायची. मला तो भोंगा करायचाय. सुताचा, आणि आवाजाशिवाय.

आता कागद. ए-टू आकाराचा, पेन्सिलीत, मापं लाल शाईत. डावीकडे समोरून दिसणारं रूप आहे. वर १.२ मीटर व्यासाची लोखंडी रिंग, जमिनीपासून ६ मीटरवर. खाली ४.५ मीटर व्यासाची रिंग, २.२ मीटरवर. दोन्हींना तीन खांबांचा आधार. दोन रिंगांमध्ये सुताचे १४४० धागे, दिवसाच्या एकेका मिनिटाला एक. खाली तोंड उघडणारा कर्णा तयार होतो आणि माणूस त्याच्या आत उभा राहून वर बघतो.

उजवीकडे वरून दिसणारा नकाशा आहे. खालची रिंग म्हणजे चोवीस तासांचं घड्याळ. मध्यरात्र उत्तरेला, सकाळचे सहा पूर्वेला, दुपार दक्षिणेला. वरची रिंग पाव फेरा फिरवलेली आहे, म्हणजे खाली बारावर बांधलेला धागा वर सहावर पोचतो. प्रत्येक धागा सरळच आहे, पण सगळे तिरपे गेल्यामुळे कर्ण्याची बाजू आत वळते आणि तोंडाशी फाकते. हे मला आधी सुचलं नव्हतं, नकाशा आणि समोरचं रूप एकाच कागदावर काढताना रेघांनीच दाखवलं.

कागदावर ठिकठिकाणी प्रश्नचिन्हं आहेत. धागा ताणून बांधायचा की थोडा सैल? एक धागा तुटला तर काय? कोणते धागे रंगवायचे? जागा कोणती?

एका कार्यक्रमाच्या आयोजकांनी हे बघितलं आणि म्हणाले, थ्रीडी रेंडर, म्हणजे संगणकावर केलेलं हुबेहूब चित्र पाठवा, संध्याकाळचा उजेड टाका, दोनचार माणसं दाखवा, मग बोलू. रेंडर मी करू शकतो. पण रेंडरमध्ये प्रश्नचिन्ह काढता येत नाही. तिथे प्रत्येक धाग्याला रंग द्यावाच लागतो, ताण द्यावाच लागतो, सावलीसुद्धा पडते. जे ठरलेलं नाही ते ठरल्यासारखं दिसतं, आणि एकदा तसं दिसलं की पुढे सगळे त्या चित्राशी बांधले जातात, मीही. माझं म्हणणं असं की कल्पनेवर उभ्या असलेल्या कामात काय ठरलंय आणि काय ठरायचं बाकी आहे, दोन्ही कागदावर दिसायला पाहिजे. म्हणून मला हे रेखाटनच लोकांसमोर लावायचंय, प्रश्नचिन्हांसकट. तुम्हाला काय वाटतं?


पाटीवाला

मी चित्रकला महाविद्यालयात शिकतोय, दादा. आम्हाला तर सांगतात की सादरीकरण चकचकीत पाहिजे, नाहीतर कुणी दुसरं पान उलटत नाही. तुमचं रेखाटन बघणाऱ्याला मापं वाचता येतील का? माझ्या घरी कुणाला नकाशा वाचता येत नाही.


बर्डीवाला

मी थोडं विरुद्ध बाजूनं बोलतो. सार्वजनिक जागा, कदाचित सार्वजनिक पैसा. ज्यांच्या पैशातून आणि ज्यांच्या रस्त्यावर हे उभं राहणार, त्यांना काय मिळणार हे आधी कळायला पाहिजे. आपल्या शहरात चौकांत शिल्पं बसली आणि दोन पावसाळ्यांत गंजली, दिवे गेले, कुणी वाली नाही. त्या वेळी कलाकार म्हणतो माझी कल्पना वेगळी होती, कंत्राटदार म्हणतो मला असंच सांगितलं होतं. प्रश्नचिन्हांचा कागद लावणं म्हणजे जबाबदारी मोकळी सोडणं आहे. मला रेंडर आवडतं असं नाही, पण रेंडर दाखवलं की निदान विचारता येतं, 'हे दाखवलं होतं, ते कुठे आहे?'


शिसपेन

@बर्डीवाला, तुमची काळजी खरी आहे आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. पण गंज रेंडरमध्ये दिसतो का? ज्या शिल्पांबद्दल तुम्ही बोलताय त्यांचीही सुंदर चित्रं आधी छापून आली असतील. माझ्या कागदावर पाइपची जाडी लिहिलेली आहे, धाग्याची लांबी लिहिलेली आहे. जिथे ठरलं नाही तिथे तसं लिहिलं आहे. जाब विचारायचा झाला तर या कागदावरून जास्त नेमका विचारता येईल.

@पाटीवाला, मापं सगळ्यांना वाचता यायलाच पाहिजेत असं नाही. बाजूला माणूस काढलाय, १६५ सेंटिमीटरचा. त्याच्या डोक्यावर रिंग किती वर आहे हे कुणालाही कळतं.


पळसबन

मी कलाशिक्षिका आहे, त्यामुळे थोडं लांब लिहिते.

पहिली गोष्ट, कल्पना-कलेत (कन्सेप्च्युअल आर्ट) रेखाटनाला दुय्यम मानायची प्रथाच नाही. अमेरिकी कलाकार सोल लेविट यांनी १९६७ मध्ये लिहिलेल्या लेखात म्हटलंय की अशा कामात कल्पना हाच सर्वांत महत्त्वाचा भाग असतो. त्याच लेखात त्यांनी मधल्या सगळ्या पायऱ्यांना, म्हणजे गिरगोट्या, रेखाटनं, फसलेली कामं, नमुने, गप्पा यांनाही मोल दिलंय. विचार कसा झाला हे दाखवणाऱ्या पायऱ्या कधी कधी शेवटच्या वस्तूपेक्षा जास्त रंजक असतात, असं त्यांचं मत होतं. १९६८ पासून त्यांनी भिंतीवरची रेखाटनं सुरू केली. त्यांत कलाकार सूचना देतो आणि प्रत्यक्ष रेघा दुसरी माणसं मारतात.

दुसरं उदाहरण मला फार जवळचं आहे. अमेरिकी कलाकार रॉबर्ट स्मिथसन यांनी १९७० मध्ये एक साधं रेखाटन केलं. एक टगबोट, तिच्यामागे ओढला जाणारा पडाव, पडावावर झाडं, माती, दगड, आणि हे तरंगतं बेट मॅनहॅटनभोवती फिरतंय. काही शब्द, काही बाण. १९७३ मध्ये विमान अपघातात ते गेले, वय अवघं ३५. त्या कागदावरून ते काम २००५ च्या सप्टेंबरमध्ये खरंच झालं. ९० फूट लांब, ३० फूट रुंद पडाव, त्यावर जिवंत झाडं. कलाकार नसताना बाकीच्यांनी ते केलं, कारण नेमकं काय असायला पाहिजे एवढं त्या कागदानं सांगितलं होतं आणि उरलेलं करणाऱ्यांवर सोडलं होतं.

आणि रशियन कलाकार टाटलिन. १९१९-२० चं तिसऱ्या इंटरनॅशनलचं, म्हणजे कम्युनिस्ट पक्षांच्या जागतिक संघटनेचं स्मारक, ४०० मीटर उंच व्हायचं होतं. आत काचेचे मोठे आकार, एक वर्षात एक फेरा घेणार, एक महिन्यात, एक दिवसात. लाकडी नमुना झाला, स्मारक कधीच झालं नाही. तरी शंभर वर्षं त्याचा अभ्यास चालू आहे. तुमच्या १४४० धाग्यांवरून मला तेच आठवलं, वेळ मोजायला आख्खी इमारत.

सुताबद्दल सांगायचं तर ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी दोऱ्या ताणलेली शिल्पं केली होती. लंडनच्या सायन्स म्युझियममधले गणिताचे नमुने बघून त्यांना ते सुचलं. सरळ दोऱ्यांतून वळलेला पृष्ठभाग तयार होतो, तुमच्या कागदावर झालं तेच.

@बर्डीवाला यांना एक सांगते. क्रिस्टो आणि जाँ-क्लोद हे जोडपं इमारती कापडात गुंडाळायचं. क्रिस्टोंच्या रेखाटनांत नकाशे असत, मापं असत, कापडाचा तुकडासुद्धा चिकटवलेला असे. ती रेखाटनं विकूनच प्रकल्पाचा खर्च निघायचा, प्रायोजक नाही, सरकारी अनुदान नाही. क्रिस्टो मे २०२० मध्ये गेले. पॅरिसची आर्क द त्रिओंफ ही कमान सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांच्या आराखड्याप्रमाणे गुंडाळली गेली, २५,००० चौरस मीटर कापड आणि ३,००० मीटर लाल दोर लागला. सुंदर चित्र आणि हिशेबाचा कागद एकच असू शकतो.


चितारओळ

आमचं घर चितार ओळीत. गणपती, दुर्गा, सगळं करतो. तुमचा धागा मुलानं वाचून दाखवला, म्हणून लिहितो.

आमच्याकडे कागद नसते भाऊ. तणस बांधायच्या आधी बापानं जमिनीवर खडूनं एक उभी रेघ मारली, तिच्यावर डोकं, पोट, मांडी असे तीन-चार आडवे डाग दिले, झालं रेखाटन. मंडळवाले फोटो आणून देतात, तो भिंतीला लावून ठेवतो, पण हात खडूच्या रेघेवरच चालते. मारबतीच्या पुतळ्याचं तसंच. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघून राहिली. दरवर्षी नवी बनते, तान्ह्या पोळ्याला मिरवणूक निघते, मग जाळतात. नकाशा कुठं लिहून ठेवलेला नाही. तरी पिवळी कशी पायजे हे इतवारीतलं पोरगं बी सांगून देईल.

पण ते चालते कारण गणपती कसा असते हे सगळ्याईले माहीत आहे. तुमचा भोंगा कुणीच पाहिला नाही. त्याच्यासाठी कागदाले जास्त बोलावं लागीन. माझं मत, रेखाटन लावा. आणि लोकाईसाठी जमिनीवर बी एक रेघ मारा, रिंगेएवढी, ४.५ मीटरची, चुन्यानं. माणूस तिच्यात उभा राहिला की त्याले मापं वाचायची गरज नाही पडत.


पाटीवाला

चुन्याची रेघ! माझ्या घरच्यांना हे लगेच कळेल.


गर्डर

मी स्ट्रक्चरचं काम करतो. दोन रिकामे तास मिळाले म्हणून तुमच्या कागदावरची मापं घेऊन बसलो.

वाऱ्यापासून सुरू करतो. इमारतींवरच्या भारांसाठीच्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी साधारण १५८ किलोमीटर. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणलं की दाब येतो, दर चौरस मीटरला जवळपास ११६० न्यूटन, म्हणजे ११८ किलोचा भार. तुमचा धागा साधारण ४.४६ मीटर लांब येतो. २० काउंटचं (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप) एकेरी सूत धरलं तर जाडी ०.२ मिलिमीटरच्या आसपास. एका धाग्यावर वादळात अंदाजे १०५ ग्रॅमचा आडवा भार. १४४० धाग्यांचा मिळून दीडशे किलो. बाकीचे गुणक मी धरलेले नाहीत, हा फक्त अंदाज आहे.

आता महत्त्वाचं. १०५ ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात, पण धागा पूर्ण ताणलेला असेल तर एवढ्याशा आडव्या भारानं त्यात कितीतरी पट ताण येतो. जितका कमी झोल तितका ताण जास्त. लांबीच्या पाच टक्के झोल दिला तर ताण आडव्या भाराच्या अडीच पट, एक टक्का दिला तर साडेबारा पट. २० काउंटचं सूत तीनशे-चारशे ग्रॅमला तुटतं. म्हणजे 'ताणायचा की सैल' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर वाऱ्यानं दिलंय: सैल.

लोखंडाची चिंता करू नका. थंडीच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारच्या तापलेल्या पाइपपर्यंत ५० अंशांचा फरक धरला तरी ४.५ मीटरची रिंग तीन मिलिमीटरपेक्षा कमी वाढते. पाया मात्र नीट लिहा. काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हलवते. मुरूम लागेपर्यंत खाली जा. कागदावर खांब जमिनीला टेकून थांबलेत, जमिनीखाली एकही रेघ नाही.

सगळ्यात आवडलेला हिशेब शेवटी. २० काउंट म्हणजे एका पौंडात ८४० वाराच्या २० लड्या. तुमचे सगळे धागे मिळून ६,४०० मीटरच्या थोडे वर, म्हणजे सव्वाआठ लड्या. वजन १९० ग्रॅम. खांब, रिंगा आणि त्यांना जोडणारे हात मिळून साडेतीनशे ते चारशे किलो लोखंड. सहा मीटर उंच भोंग्याचं अंग पाव किलोचंही नाही.


शिसपेन

@गर्डर, हा आकडा मी कागदाच्या मध्यभागी लिहिणार आहे. १९० ग्रॅम सूत, चारशे किलो लोखंड. एवढी मोठी मिल, एवढी यंत्रं, आणि सगळा खटाटोप हातात मावणाऱ्या सुतासाठी. शिल्पाचा विषयच हा आहे आणि तो मला दिसला नव्हता, कारण मी लांबी लिहिली होती, वजन लिहिलं नव्हतं. जमिनीखालच्या रेघा आजच काढतो.


धोटा

तांडापेठेत आमच्या घरी खड्ड्याचा माग होता. आजा, बाप दोघंही कोष्टीकाम करायचे. सुताबद्दल मी सांगू शकतो.

माग खड्ड्यात काहून बसवत होते? ओल राहावी म्हणून. नागपूरच्या उन्हाळ्यात सूत इतकं कोरडं होते की हात लावला की तुटते. बाप मे महिन्यात जमिनीवर पाणी शिंपडायचा आणि मगच बसायचा. मिलमध्येही साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, वाफ सोडायचे, त्याच कारणानं. कापसाचं सूत ओलं असलं की जास्त मजबूत असते.

दुसरी गोष्ट, ओल लागली की सूत फुगते आणि लांबीले आखडते. खाटेची सुती दोरी पावसाळ्यात कशी ताठ होते, तसंच. म्हणजे तुमचा भोंगा मे महिन्यात झोल घेईन आणि ऑगस्टमध्ये आपोआप ताणल्या जाईन. गर्डरभाऊंनी सांगितलेला झोल मे महिन्यात मोजला तर पावसाळ्यात उरणार नाही. झोल भर पावसात मोजा.

एकेरी सूत घेऊ नका. त्याच्यात पीळ असते, सैल पडलं की स्वतःभोवती आटे घेते आणि शेजारच्या धाग्यात गुंतते. दुपदरी घ्या, उलट्या पिळाचं, ते शांत लटकते. वजन दुप्पट होईन, तरी अर्ध्या किलोच्या आतच. रंग द्यायचा असन तर डायरेक्ट रंग देऊ नका, एका उन्हाळ्यात उडून जाईन. वॅट रंग टिकतात.

आणि तुटल्यावर काय, हा जो प्रश्न तुम्ही लिहिला, त्याच्यावर माझं एक म्हणणं आहे. १४४० वेगवेगळे धागे बांधले तर तितक्याच गाठी वर आणि तितक्याच खाली. एकच अखंड सूत वरखाली नेलं तर एका जागी तुटलं की सगळा भोंगा ढिला. मधला रस्ता काढा. एका तासाले एक सूत, साठ वेळा वरखाली. असे चोवीस. तुटलं तर एक तास पडला, बाकी तेवीस उभे.


पळसबन

@धोटा दादा, हे वाचून अंगावर काटा आला. एक तास पडला, बाकी तेवीस उभे! ही तांत्रिक सूचना आहे आणि शिल्पाचा अर्थही तिच्यातच आहे.

@शिसपेन, पडलेला तास परत बांधायचा की तसाच ठेवायचा, हे आता नवीन प्रश्नचिन्ह.


निवृत्त_रिंगखाता

मी मिलमध्ये रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होतो. नातू हे सगळं दाखवत होता. रिंग हा शब्द ऐकून थांबलो. रिंग स्पिंडल, म्हणजे रिंगेतून सूत कातणारं चातं, हिंदुस्थानात सुरुवातीला आजमावून बघितलं ते एम्प्रेस मिलमध्येच, आम्हाला याचा अभिमान असायचा. तुमच्या शिल्पात दोन रिंगा आहेत आणि त्यांच्यामधून सूत जातंय, हे जुन्या कामगाराला लगेच कळेल. मुद्दाम केलं असो वा नसो, ठेवा.

आता माझी तक्रार. कागदावर जो माणूस काढलाय तो मापासाठी आहे असं तुम्ही लिहिलं. पुरुष, १६५ सेंटिमीटर. आमच्या मिलमध्ये रीळिंग आणि वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामाला, बायका होत्या. भोंग्याच्या आधी चूल पेटवून, पोर शेजारणीकडे देऊन धावत यायच्या. मापाला एखादी बाई काढा, दीड मीटर उंचीची. आणि ती बाई हात वर करून सुताला हात लावू शकली पाहिजे. ज्यांनी जन्मभर सूत हाताळलं त्यांना तुम्ही सव्वादोन मीटरवरचं सूत खालून बघायला लावणार?


पळसबन

काकाजी, शिल्पकार रामकिंकर बैज यांनी शांतिनिकेतनात १९५६ मध्ये नेमकं हेच केलंय. मिलचा भोंगा वाजलाय आणि कामगार बायका घाईनं निघाल्यात, मागून मूल धावतंय, वाऱ्यानं पदर उडतोय. सिमेंट आणि लाल खड्यांचं उघड्यावरचं शिल्प आहे. त्यात भोंगा कुठेच दिसत नाही, फक्त त्यानं हललेली शरीरं आहेत. शिसपेन यांच्या कागदावर उलट झालंय, भोंगा आहे आणि शरीर फक्त मापापुरतं.


गर्डर

काकाजींचं म्हणणं पटतं, पण रिंग सरसकट खाली आणली तर उंच माणसाचं डोकं आपटेल. जिथून आत जायचं तिथे किमान २.१ मीटर मोकळी उंची पाहिजे.


शिसपेन

मग रिंग आडवी का ठेवायची? तिरपी करतो. पूर्वेकडे, म्हणजे सकाळच्या सहाकडे, १.८ मीटर. पश्चिमेकडे, संध्याकाळच्या सहाकडे, २.४ मीटर. लोक पश्चिमेकडून आत येतील. पूर्वेच्या बाजूला बाहेरून उभं राहून दीड मीटर उंचीच्या बाईचा हात सुताला पोचेल. पहिल्या पाळीचे तास सगळ्यात खाली, हाताशी. उतार साडेसात अंशांच्या आसपास येतो. @गर्डर, चालेल?


गर्डर

चालेल. पूर्वेला लोक डोकं आपटू नयेत म्हणून तिथे जमिनीवर गिट्टीचा पट्टा द्या, पाय आपोआप लांब राहतील. आणि आता सगळ्या धाग्यांची लांबी एकच राहणार नाही, तासागणिक माप बदलेल. तक्ता करून देतो.


बर्डीवाला

वाचत होतो. रंगाचा प्रश्न अजून कुणी घेतला नाही, तो मी घेतो, कारण कामगार कायदे हा माझा व्यवसायाचा भाग आहे.

मिल सुरू झाली तेव्हा मोठ्या पुरुष कामगाराच्या तासांना कायद्यानं मर्यादाच नव्हती. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्यानं तासांचं बंधन फक्त मुलांपुरतं घातलं. १९११ च्या कायद्यानं कापड गिरण्यांत पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये ५४, आणि १९४८ च्या कायद्यानं आठवड्याला ४८ तास, दिवसाला जास्तीत जास्त ९. एक मिनिट म्हणजे एक धागा असेल तर १९११ चा दिवस ७२० धाग्यांचा होतो, अर्धा भोंगा. १९४८ चा ५४० धाग्यांचा. मधले १८० धागे, म्हणजे तीन तास, कामगारांनी लढून परत मिळवले. ते वेगळ्या रंगात दाखवा.

आणि हो, मूळ मुद्द्यावर माझं मत आता असं आहे. रेखाटन लावा, पण त्याच्या शेजारी पाया, वारा आणि देखभालीची जबाबदारी कुणाची हेही त्याच मोठ्या अक्षरांत लिहा. धागा तुटला तर कोण बांधणार, किती दिवसांत, हे नावानिशी. तेवढं असेल तर मी रेंडर मागणार नाही.


शिसपेन

@बर्डीवाला, १८० धागे. हे मान्य, आणि जबाबदारीचा रकानाही मान्य. पहिली दोन वर्षं बांधायची जबाबदारी माझी, तसं लिहितो.

रेखाटनात आता हे बदल करतोय. खालची रिंग तिरपी. मापाला बाई, हात वर केलेली. जमिनीखाली मुरमापर्यंत पाया. दुपदरी सूत, तासाला एक. ५४० धागे गडद, १८० फिके, बाकीचे ७२० कोरे. जुन्या रेघा खोडणार नाही, त्यांच्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी नवी काढणार, आणि ज्याच्या सूचनेनं बदल झाला त्याचं इथलं नाव तिथे लिहिणार. आयोजकांना हाच कागद पाठवतोय. नाही म्हणाले तर चितार ओळीतल्या भाऊंनी सांगितलेली चुन्याची रेघ कुठेतरी मैदानात मारून कागद तिथेच लावू.

जागेचं प्रश्नचिन्ह राहू देतो. मिल होती तिथे आता मॉल आहे. गांधीसागरच्या काठाचा विचार मनात आहे, पण परवानगीचं काहीच हातात नाही.

एक मोठी अडचण मात्र सुटत नाहीये. वरच्या रिंगेचा परीघ ३.७७ मीटर. त्यात १४४० धागे म्हणजे दर २.६ मिलिमीटरला एक. पाइपला इतक्या जवळ भोकं पडत नाहीत, खिळेही बसत नाहीत. लोखंडाच्या बाजारात, लोहा ओळीत, दोन कारागिरांना विचारलं, दोघांनीही मान हलवली. व्यास वाढवला तर कर्ण्याचा आकार जातो.


गर्डर

पातळ पट्टी लेझरनं कापून दातेरी करता येईल. हिंगणा एमआयडीसीत होईल. महाग पडेल आणि दात्यांच्या कडा सुताला कापतील, त्या घासून गुळगुळीत कराव्या लागतील.


धोटा

काहून कापता? फणी वापरा ना.

मागाची फणी म्हणजे दुसरं काय असते, बारीक पात्यांच्या रांगेतून एकेक धागा जाते. इंचात दहा घरांची फणी ही तर जाडी फणी झाली, आम्ही याच्यापेक्षा कितीतरी बारीक वापरत होतो. ३.७७ मीटर म्हणजे १४८ इंच. इंचाले दहा धरले तर १४८० घरं. तुम्हाले १४४० पायजेत. पाती गुळगुळीतच असतात, सूत कापत नाही, त्यासाठीच बनवली असतात.

जुनी लाकडी पट्टीची फणी वाकणार नाही. लोखंडी पट्टीची हळूहळू वाकवून पाहता येईन, एवढ्या गोलाईले वाकते का हे हातात घेऊनच कळेल. तीन तुकडे करा, प्रत्येक साधारण ४९ इंचांचा, तुमच्या तीन खांबांचे हात जिथे रिंगेले मिळतात तिथे जोड येऊ द्या. उरलेली ४० घरं त्या जोडांतच जातील. घरी माळ्यावर दोन फण्या पडून आहेत, एक लोखंडी असावी. रविवारी काढून ठेवतो, तुम्ही पट्टी वाकवणारा माणूस घेऊन या.